बोळ कडू नव्हता

मागच्या हिवाळ्यात 'तेल बनवा, आम्ही विकत घेतो' म्हणणाऱ्यांच्या फसवणुकीत आमच्या बचत गटाचे ८०,४०० रुपये गेले. गटात आम्ही दहा जणी, गाव वर्धा नदीच्या काठचं. मी गटाची सचिव. करारावर सही माझी आहे, म्हणून हे लिहिणंही माझ्याकडेच येतं. मागच्या महिन्यात यवतमाळकडच्या एका गावात तसंच 'प्रशिक्षण' झाल्याचं कानावर आलं, तेव्हापासून गप्प राहवेना.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाचे चुकारे नुकतेच हातात आले होते. पांढऱ्या गाडीतून दोन पुरुष आणि एक बाई आली. बाई बोलायला फार गोड. म्हणाली, "ताई, परदेशात अनुष्ठान करणारे लोक आहेत, त्यांना हाताने बनवलेलं अभिषेकाचं तेल लागतं. मशीनचं चालत नाही. तुम्ही बनवा, आम्ही विकत घेतो." तीस मिलीच्या बाटलीला १८० रुपये. कच्चा माल, बाटल्या, लेबल, प्रशिक्षण आणि नोंदणी मिळून ७५,०००. आधी फक्त १०,००० भरायचे, नमुन्याच्या वीस बाटल्या पाठवायच्या, पटलं तर पुढचे द्यायचे.

आम्ही वीस बाटल्या पाठवल्या. तिसऱ्या दिवशी गटाच्या खात्यात ३,६०० रुपये आले. त्या रात्री आम्ही सगळ्या अध्यक्षबाईंच्या ओसरीवर बसलो होतो आणि प्रत्येकीच्या तोंडी एकच हिशेब होता: दोनशे बाटल्यांचे ३६,०००, म्हणजे दोन खेपांत पैसा जवळजवळ निघतो. एकीला मुलीच्या फीसाठी पैसे हवे होते, एकीला बोअरच्या मोटरसाठी. दुसऱ्याच दिवशी उरलेले ६५,००० भरले. त्यातले ४०,००० गटाच्या अंतर्गत कर्जातून उचलले. ते ३,६०० आमच्याच १०,००० मधून परत आले होते, हे तेव्हा एकीच्याही लक्षात आलं नाही.

पोती आली. एक किलो हिराबोळ (बाळंतबोळ म्हणतो तो डिंक), दोन किलो दालचिनी, अर्धा किलो कोळिंजन (आल्यासारखं मूळ), आठ लिटर ऑलिव्ह तेल. सोबत लॅबचा शिक्का असलेला कागद. अध्यक्षबाईंच्या सासूबाई तिथेच बसल्या होत्या. गावात दवाखाना नव्हता त्या काळात निम्म्या गावाची बाळंतपणं त्यांनी केली आहेत. त्यांनी बोळाचा एक खडा उचलला, जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"हा बोळ नोहे वं माय. बाळंतबोळ कडू जहर असते. हा तं सालईचा डिंक व्हय."

मी त्यांना म्हटलं, "आजी, त्यायच्याजवळ लॅबचा कागद आहे." आजी पुढे काही बोलल्या नाहीत. ते वाक्य माझं होतं आणि ते मला आजही टोचतं.

आम्ही पंधरा दिवस काम केलं. दालचिनी कुटली, कोळिंजन ठेचलं, डिंक फोडला, मंद आचेवर तेलात मुरवलं, फडक्यातून गाळलं. ऑलिव्ह तेल गरम झालं की घरात सोयाबीन तेलाचा वास सुटायचा. आमच्या घरी रोजचं तेल सोयाबीनचंच, तो वास मला ओळखू येत नाही असं कसं म्हणू? पण परदेशी तेल पाहिलं कोणी होतं!

दोनशे बाटल्या गेल्या. आठ दिवसांनी फोन आला, माल नापास. बाटलीत गाळ बसतो, वास कमी आहे. करारात छोट्या अक्षरांत एक ओळ होती: 'गुणवत्ता तपासणीत उत्तीर्ण झालेलाच माल खरेदी केला जाईल.' बाई म्हणाली, "ताई, तुमचा हात अजून बसला नाही." शुद्धीकरणाची पावडर आणि दालचिनीचा अर्क घ्या, ९,००० लागतील. आम्ही घेतले. नवीन कर्ज न काढता, घरातले.

मला सगळ्यात जास्त राग या वाक्याचा आहे, हात बसला नाही. बायका एकमेकींकडे संशयाने पाहायला लागल्या. हिनं आच मोठी ठेवली, तिनं नीट गाळलं नाही. दोघींचं बोलणं बंद झालं. माल खोटा आहे हे कोणाच्या मनात येऊ नये म्हणूनच दोष आमच्या हातांवर ठेवला होता. तो अर्क बाटलीत ओतताना एकीच्या मनगटावर सांडला. तिने फडक्यानं पुसलं आणि काम करत राहिली. संध्याकाळपर्यंत फोड आले. तीन आठवडे पाण्यात हात घालता आला नाही तिला, आणि तुरीची सोंगणी तोंडावर होती.

दुसऱ्यांदाही माल नापास झाला. नंतर फोन लागेना.

संक्रांतीला अध्यक्षबाईंची मुलगी घरी आली, ती अमरावतीला बी.फार्म. करते. तिने लेबलवरचं नाव वाचलं, अब्रामेलिन. मग तिने जे शोधून सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते, कारण अर्धं खरं घेऊनच ही माणसं येतात. असं तेल खरंच आहे. युरोपातल्या एका जुन्या जादूविधीच्या ग्रंथात त्याची कृती आहे, आणि ती मुळात यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या अभिषेकाच्या तेलावरून घेतली आहे. त्यात बोळ, दालचिनी, वेखंड आणि ऑलिव्ह तेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॅथर्स नावाच्या माणसाने त्याचं फ्रेंच हस्तलिखितावरून इंग्रजी केलं. त्यात वेखंडाच्या जागी कोळिंजन आलं, आणि तीच चूक पुढे चालत राहिली. वेखंड! तान्ह्या बाळाला उगाळून लावतो ते. आमच्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतं.

मॅथर्सच्या कृतीत बोळ एक भाग, दालचिनी दोन, कोळिंजन अर्धा, आणि या सगळ्याच्या निम्म्या वजनाचं तेल. म्हणजे आमच्या साडेतीन किलो मालाला पावणेदोन किलो तेल पुरे होतं. आम्हाला आठ लिटर दिलं होतं. आमच्या बाटल्यांत तेल जास्त आणि औषध नावाला होतं. खरा बोळ सोमालिया, इथिओपिया, येमेनकडच्या काटेरी झाडांचा, तिकडून येतो म्हणून महाग. सालई आपल्या मेळघाटात उभी आहे. तिचा डिंक धुपाला उत्तम, पण तो बोळ नाही. दालचिनीचा नुसता अर्क कातडी भाजतो. हेच तेल अर्क घालून बनवायची कृती पुढे एका इंग्रजाने दिली, तेही अंगाला चटके देणारं म्हणूनच प्रसिद्ध आहे. आणि आमच्या लेबलवर छापलं होतं, 'कपाळास व छातीस लावावे.'

इंग्रजीतल्या त्या ग्रंथात सहा महिन्यांचं अनुष्ठान सांगितलं आहे. मला त्यातलं काही कळत नाही, माझा त्यावर विश्वासही नाही. पण कोणी माणूस सहा महिने नेम पाळेल आणि शेवटी कपाळाला रंगवलेलं सोयाबीन तेल लावून फोड आणून घेईल, हे मला सहन होत नाही. ते आमच्या हातचं असतं.

आम्ही तक्रार करणार असं कळल्यावर त्या बाईचा एकदाच फोन आला, वेगळ्या नंबरवरून. म्हणाली, "तेल अभिमंत्रित आहे. तक्रार केली तर ज्यांनी बनवलं त्यांच्या घरावर उलटेल." दहापैकी सहा जणी त्या दिवशी मागे सरल्या. ज्या बाईचा हात भाजला तिला तर खात्रीच पटली. महिनाभर आम्ही थांबलो ते या भीतीनं.

तुम्हाला असा फोन आला तर तो जपून ठेवा, नंबर लिहून ठेवा. दैवी शक्तीचा दावा करून लोकांना घाबरवणं, लुबाडणं यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० ते ५०,००० दंड. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ वेगळंच आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही महिना घालवला, तोवर त्यांचं खातं रिकामं झालं होतं.

करारावर सही करण्याआधी मी एवढं पाहायला हवं होतं: जीएसटी नंबरात पंधरा अक्षरं-अंक असतात आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. आमच्या बिलावर चौदाच होते. मोबाइलवर जीएसटीच्या साइटवर तो फुकट तपासता येतो. परदेशात माल पाठवणाऱ्याकडे आयात-निर्यात कोड असतो, तो मागा. अंगाला लावायचं तेल विकण्यासाठी बनवायचं तर परवाना लागतो, आमच्याकडे तो कधी मागितलाच नाही. आणि जो काम देतो म्हणतो तोच आधी पैसे मागत असेल, तर तिथेच उठा. पोतं आलं की गावातल्या जाणत्या बाईला उघडून दाखवा, तिला चाखू द्या, आणि ती बोलली की माझ्यासारखा कागद पुढे करू नका.

मी आजींना नंतर विचारलं, तेव्हा जोर करून का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, "सांगतलं तं होतं वं बाई. तुमी कागद पाहून राहिल्या होत्या."

तक्रार नोंदवली आहे. तीन बाटल्या आणि करार पोलिसांनी घेतले. उरलेल्या बाटल्या पेटीत कुलूप लावून ठेवल्या आहेत, पुरावा म्हणून. अंतर्गत कर्जाचे दरमहा चारशे रुपये प्रत्येक जण भरते. बोलणं बंद झालेल्या त्या दोघी परवा हळदीकुंकवाला एकाच सतरंजीवर बसल्या.