सप्टेंबरमधला ब्रुक्स कॅम्प, एकट्याने जाणाऱ्यासाठी

अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानाचे गाजलेले फोटो जुलैतले असतात: तिथल्या ब्रुक्स कॅम्पजवळच्या धबधब्याच्या काठावर तपकिरी अस्वल आणि त्याच्या जबड्यासमोर उसळलेला सॅमन मासा. सप्टेंबरमध्ये हे दृश्य क्वचितच मिळतं. तरीही एकट्याने जायचं असेल तर सप्टेंबरच घ्यावा, मात्र हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवून.

ब्रुक्स नदी जेमतेम अडीच किलोमीटरची. सॅमन अंडी घालून मरतात आणि प्रवाहाबरोबर खाली वाहत येतात. त्यामुळे ऑगस्टमध्ये दुसऱ्या ओढ्यांकडे पांगलेली अस्वलं सप्टेंबरात नदीच्या मुखाजवळ परत जमतात. जुलैत पोट भरलेलं अस्वल माशाची नुसती कातडी आणि अंडी खाऊन बाकीचा टाकून देतं. आता मात्र ते कानापर्यंत डोकं पाण्यात घालून तळ धुंडाळतं, फिकट पडलेला, कुजत आलेला मासा वर काढतं, पंजाखाली दाबतं आणि शेपटीसकट संपवतं. हिवाळाभर पुरेल एवढी चरबी साठवायची असते. मोठे नर या दिवसांत ४५० किलोच्या पुढे जातात. म्हणून धबधब्याच्या मचाणावर तास घालवण्यापेक्षा खालच्या नदीचं मचाण धरून बसलेलं बरं.

पोहोचायला रस्ता नाही. अलास्कातल्या अँकरेज शहरातून किंग सॅमन या छोट्या गावापर्यंत विमान, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने वीसेक मिनिटं. योजना फसते ती बहुधा याच टप्प्यावर. धुकं किंवा वारा असला की उड्डाणं थांबतात, कधी दिवसभर. परतीचं मोठं विमान त्याच संध्याकाळचं काढणं म्हणजे जुगार. सामानाची वजनमर्यादाही आधीच विचारून घ्यावी.

उतरल्यावर प्रत्येकाला रेंजरकडून (उद्यानाच्या रक्षकाकडून) अस्वलांबद्दलची तालीम घ्यावीच लागते. नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत: अस्वलापासून किमान ४५ मीटर अंतर, ठरवून दिलेल्या जागांबाहेर खाणं नाही, वाटेवर साध्या पाण्याखेरीज काही प्यायचं नाही. २०१९ मध्ये जुना तरंगता पूल जाऊन उंच पूल आला आणि ताटकळणं कमी झालं. तरी वाटेत अस्वल झोपलं तर ते उठेपर्यंत थांबावंच लागतं. परतीच्या विमानासाठी तासभर आधी निघावं.

मुक्कामाचं म्हणाल तर एकट्याला कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू ठोकायची जागा, परवडतं, कारण तिथलं शुल्क माणशी आहे. लॉजच्या खोलीत बंकबेड असतात, भाडं मात्र अख्ख्या खोलीचं. शिवाय ती सोडतीत लागावी लागते. कॅम्पग्राउंडचं आरक्षण जानेवारीच्या सुरुवातीला उघडतं. जुलै बघता बघता संपतो, सप्टेंबर त्यामानाने सहज मिळतो. तंबूंभोवती विजेचं कुंपण आहे, पण त्याने अस्वल अजिबात येणार नाही असं समजू नये. टूथपेस्टपासून बिस्किटापर्यंत वास येणारं सगळं सामायिक कोठारात, स्वयंपाक ठरलेल्या छपराखाली.

दोन वस्तूंवरून नवखे अडतात. स्टोव्हचं गॅस कॅनिस्टर (गॅसचा छोटा डबा) आणि बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा), दोन्ही प्रवासी विमानात चालत नाहीत, चेक-इन सामानातही नाही. व्हाइट गॅस या द्रव इंधनावर चालणारा स्टोव्ह न्यावा, ते इंधन कॅम्पच्या दुकानात मिळतं. स्प्रे किंग सॅमनला मिळाला तर छोट्या विमानाच्या वैमानिकाला आधी सांगावं, तो केबिनमध्ये ठेवत नाहीत. स्प्रे असो वा नसो, धबधब्याकडच्या जंगलवाटेवर एकट्याने गप्प चालू नये. मोठ्याने बोलावं, टाळ्या वाजवाव्यात. वळणापलीकडे दचकलेलं अस्वल हाच खरा धोका. जमलं तर त्याच बाजूला निघालेल्या कुणाला तरी गाठावं.

उणीव एकच, पण मोठी: लॉज, जेवण आणि दुकान १७-१८ सप्टेंबरच्या सुमारास बंद होतं, विमानंही कमी होतात. म्हणून मुक्काम १४ तारखेच्या आत उरकावा. रात्री पारा शून्याजवळ जातो आणि पाऊस आडवा येतो. छत्री निरुपयोगी, रेनकोट आणि गमबूट हवेतच.