रंग दिलेली प्रेशर प्लेट : ओम्नीचा क्लच बदलताना झालेली फसवणूक

वाईत माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. पाचगणीच्या निवासी शाळांना माल पोहोचवण्यासाठी मी २००८ सालची मारुती ओम्नी वापरतो, आणि त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा तरी भरलेली गाडी घेऊन पसरणीचा घाट चढावा लागतो. २०२३ च्या मे महिन्यात या गाडीचा क्लच बदलून घेताना माझी फसवणूक झाली. ७,४०० रुपये ही रक्कम कोणाला किरकोळ वाटेल. पण मालाने भरलेल्या गाडीचा क्लच घाटाच्या वळणावर सुटतो, तेव्हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. ज्यांच्याकडे अशी जुनी व्हॅन आहे त्यांनी सावध राहावे, म्हणून घडले तसे लिहीत आहे.

गाडीचा क्लच खरोखरच गेला होता, हे आधी सांगायला हवे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा, पण वेग वाढत नसे, आणि सीटखालून जळकट वास यायचा. क्लच वायरची ढिलाई मी स्वतः तपासली होती. वायर फार ताणलेली असली तरी क्लच घसरतो आणि नुसता नट फिरवून काम भागते. पण पॅडलला रिकामी चाल पुरेशी होती, म्हणजे दोष आत होता. शाळांचा हंगाम तोंडावर आलेला होता. आमच्या वाड्यातले अण्णा एस.टी.च्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले असून माझी गाडी नेहमी तेच पाहतात, पण ते त्या वेळी लेकीकडे पुण्याला गेले होते. त्यामुळे ओळखीच्या एकाने सुचवलेल्या गॅरेजमध्ये मी गाडी नेली.

गॅरेजच्या मालकांनी गाडी एक फेरी मारून पाहिली आणि निदान बरोबर केले. "पूर्ण सेट टाकावा लागेल साहेब. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं. ओम्नी बंद झाली ना आता, ओरिजिनल माल पुण्याहून मागवावा लागतो," असे ते म्हणाले. (क्लच प्लेट इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे पोहोचवते, प्रेशर प्लेट तिला इंजिनाबरोबर फिरणाऱ्या फ्लायव्हील या जड चकतीवर दाबून धरते, आणि पॅडल दाबले की बेअरिंग तो दाब सोडवते.) ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले हे खरे आहे. परंतु १९८४ पासून 'मारुती व्हॅन' आणि नंतर 'ओम्नी' या नावाने ही गाडी पस्तीस वर्षे विकली गेली, तिच्या असंख्य गाड्या आजही रस्त्यावर आहेत आणि तिच्या क्लचचे भाग जिल्ह्याच्या गावी सहज मिळतात. हे मला तेव्हा माहीत नव्हते. गाडी बंद झाली म्हणजे माल दुर्मीळ आणि महाग असणारच, हे मी चटकन मान्य केले, आणि फसवणुकीचा पाया तिथेच घातला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार झाली. क्लच सेट ४,२००, बेअरिंग ६५०, फ्लायव्हीलचे टर्निंग (लेथवर घासून सपाट करणे) ६००, क्लच वायर ३५० आणि मजुरी १,६०० अशी चिठ्ठी पाठकोऱ्या कागदावर लिहून मिळाली. "पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागेल," असे त्यांनी सांगितल्यावर मी नको म्हणालो. जुने भाग कुठे आहेत, असे मी विचारले. त्यावर "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला" असे उत्तर आले. नव्या सेटचे खोके तेवढे त्यांनी दाखवले. ते एका नामांकित कंपनीचे होते आणि रिकामे होते. रिकाम्या खोक्यातला माल माझ्याच गाडीत बसला आहे असे मी गृहीत धरले, आणि पैसे मोबाइलवरून भरले. पुढे याच एका गोष्टीचा मला उपयोग झाला.

जून-जुलै गाडी ठीक चालली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, भर पावसात, वह्यांचे गठ्ठे घेऊन घाट चढत असताना वरच्या वळणाजवळ इंजिन नुसतेच ओरडू लागले आणि गाडी जागेवर थांबून हळूहळू मागे सरकू लागली. हँडब्रेक ओढला, सोबतच्या मुलाने उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि मागून येणाऱ्या बसला हात करून थांबवले. गाडी दोरी बांधून खाली आणावी लागली. मे महिन्यापासून गाडी जेमतेम एकोणीसशे किलोमीटर चालली होती. नवा क्लच नीट चालवला तर याच्या कित्येक पट टिकायला हवा. गॅरेजला फोन केल्यावर "घाटात तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता, त्यामुळे जळाला असेल, गाडी आणा, बघतो" असे उत्तर मिळाले. तोवर अण्णा परतले होते. ते म्हणाले, "त्यांच्याकडे नेऊ नकोस. नेलीस तर आत काय होतं ते तुला कधीच कळणार नाही. आपण इथेच उघडू."

वाड्याच्या मागच्या फरशीवर आम्ही दोघांनी रविवारी काम सुरू केले. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे जातो. त्यामुळे क्लचपर्यंत पोहोचायचे तर गिअरबॉक्स खालून उतरवण्याला पर्याय नाही. बॅटरीची वायर काढली, मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावले आणि गाडीचा पुढचा भाग उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अण्णा स्वतः कधी जात नाहीत आणि दुसऱ्याला जाऊ देत नाहीत. गिअर ऑइल आधी काढून घेतले, कारण शाफ्ट ओढला की ते मागच्या बाजूने सगळे अंगावर येते. मग प्रोपेलर शाफ्ट, क्लच वायर, स्पीडोमीटरची वायर, गिअरची जोडणी आणि स्टार्टर काढला. इंजिनाच्या मागच्या बाजूला लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार दिला, कारण मागचा आडवा पट्टा सोडल्यावर इंजिन खाली झुकते. शेवटी बोल्ट काढून दोघांनी मिळून गिअरबॉक्स सरळ मागे ओढून खाली घेतला. या कामाला आम्हाला चार तास लागले.

समोर चंदेरी रंगाची लख्ख प्रेशर प्लेट होती. अण्णांनी टॉर्च जवळ धरला आणि काही क्षण काहीच बोलले नाहीत. नव्या प्रेशर प्लेटला असा हाताने मारलेला रंग नसतो. इथे तर बोल्टच्या खाचांत रंगाचे ओघळ होते. मधल्या डायफ्राम स्प्रिंगच्या पाकळ्यांची टोके बेअरिंग घासून घासून खोलगट झालेली होती आणि त्या खळग्यांतही रंगाचे अवशेष होते. एकोणीसशे किलोमीटरमध्ये पाकळ्या एवढ्या झिजत नाहीत. मग अण्णांनी थिनरमध्ये बुडवलेला बोळा प्लेटच्या कडेवरून फिरवला. रंगाखालून पंचाने मारलेले दोन ठिपके वर आले आणि त्यांच्या बरोबर समोर फ्लायव्हीलवर त्यांचा जोडीदार असलेला एक ठिपका होता.

ते ठिपके अण्णांनीच मारलेले होते. २०१५ मध्ये इंजिनाचे मागचे ऑइल सील गळत होते तेव्हा त्यांनी गिअरबॉक्स उतरवला होता, नवी क्लच प्लेट टाकली होती आणि प्रेशर प्लेट चांगली असल्याने तीच पुन्हा बसवली होती. ती पूर्वीच्याच जागी बसावी आणि फिरताना तोल बिघडू नये, म्हणून उघडण्यापूर्वी अशी खूण करण्याची त्यांची पद्धत आहे. त्या दिवशी टॉर्च धरून मीच शेजारी उभा होतो. पुण्याहून मागवलेला, ४,२०० रुपयांचा म्हणून सांगितलेला सेट म्हणजे माझ्याच गाडीतली, आठ वर्षांहूनही जुनी प्लेट होती.

बाकीचे तपासायला मग वेळ लागला नाही. क्लच प्लेटचा मधला भाग जुनाच होता. त्यातल्या स्प्रिंगा बोटाने हलवल्या तरी खुळखुळत होत्या, आतले दात गंजलेले होते आणि त्यावर नवे लायनिंग, म्हणजे घर्षणाचा थर, रिवेट मारून बसवलेले होते. रिवेटांची डोकी एकसारखी खोल नव्हती. चांगल्या प्लेटमध्ये ती लायनिंगच्या पृष्ठभागाच्या बरीच आत असतात आणि अंतर अर्धा मिलिमीटरवर आले की प्लेट बदलायची असते. इथे तीन डोकी तर फ्लायव्हीलला घासून चकचकीत झाली होती आणि एका बाजूच्या लायनिंगचा तुकडा उडालेला होता. बेअरिंग हातात धरून फिरवले तर ते कोरडे खरखरत होते. ते बंद प्रकारचे असते. पेट्रोलने धुतले की आतले ग्रीस निघून जाते आणि बाहेरून कितीही चोपडले तरी आत पोहोचत नाही. ज्या टर्निंगचे ६०० रुपये घेतले होते, त्या फ्लायव्हीलवर लेथची एकही ताजी रेघ नव्हती, उष्णतेने पडलेले निळसर डाग मात्र होते. संपूर्ण चिठ्ठीत खरी निघाली ती क्लच वायर आणि गिअरबॉक्स चढवण्या-उतरवण्याची मजुरी.

लायनिंग बदलून प्लेट पुन्हा वापरणे हा काही गुन्हा नाही. असा व्यवसाय उघडपणे चालतो, काही शे रुपयांत काम होते आणि ज्याला खर्च परवडत नाही तो समजून-उमजून ते करून घेतो. माझी तक्रार आहे ती जुन्या मालाला रंग देऊन नव्याची किंमत घेण्याबद्दल, आणि तेही अशा भागाच्या बाबतीत की जो गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कोणाला दिसत नाही. टायर किंवा आरसा बदलताना असे करायला कोणी धजत नाही. (अशा स्वस्त लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. आम्ही तोंडाला ओला रुमाल बांधला आणि आतली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसली. खरे तर चांगला मास्कच हवा होता.)

नवा सेट मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून पक्क्या बिलावर आणला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून मला २,३५० रुपये लागले. खोके सीलबंद होते, दुकानदारासमोर उघडले, आणि भागावर कोरलेला क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. फ्लायव्हील लेथवाल्याकडे नेऊन स्वतः थांबून घासून घेतले. बसवताना अण्णांनी जुन्या गिअरबॉक्समधला एक शाफ्ट आत घालून प्लेट बरोबर मध्यावर आणली, कारण ती जराशी सरकलेली राहिली तर गिअरबॉक्स कितीही ढकलला तरी बसत नाही. सहा बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. दातांवर ग्रीसचा हलका हात दिला आणि जादा पुसून काढले.

गाडी गॅरेजमध्ये देताना मी काय करायला हवे होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. गिअरबॉक्स खाली आल्यावर मला बोलवा आणि मी येईपर्यंत काही चढवू नका, असे मी आधीच सांगायला हवे होते. जुने भाग परत मिळाल्याशिवाय पैसे देणार नाही, हेही कामापूर्वीच ठरवायला हवे होते, कारण नंतर विचारले की भंगारवाला येऊन गेलेला असतो. आणि जीएसटी वाचवण्याच्या मोहात पक्के बिल सोडायला नको होते.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. तिथे मला आधी लेखी नोटीस देण्याचा आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला मिळाला. गाडी धंद्याला वापरतो म्हणून मला तक्रार करता येणार नाही अशी माझी समजूत होती, परंतु केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूची धरली जात नाही. बिल न देणे ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबाइलवरून केलेल्या भरण्याची नोंद, ती चिठ्ठी, आणि उघडताना क्रमाने काढलेले फोटो जोडून मी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. फोटोंमध्ये गिअरबॉक्स उतरल्याक्षणीची प्लेट, थिनरचा बोळा फिरवल्यानंतरची प्लेट आणि समोरचा फ्लायव्हीलवरचा ठिपका असे तिन्ही होते.

नोटीस मिळाल्यावर नवव्या दिवशी गॅरेजचे मालक स्वतः दुकानात आले. "कारागिरानं परस्पर केलं, मला माहीतच नव्हतं," असे ते म्हणाले आणि त्यांनी सेट, बेअरिंग आणि टर्निंग यांचे ५,४५० रुपये काउंटरवर ठेवले. मी पैसे मिळाल्याची पावती लिहून दिली. निघताना त्यांनी ती जुनी प्रेशर प्लेट मागितली. भंगारातच जायची आहे, तुम्हाला काय उपयोग, असे म्हणाले. ती मी दिली नाही. अर्धी रंगवलेली आणि अर्धी पुसलेली अशी ती अजून अण्णांच्या पडवीत आहे, आणि गाडी दुरुस्तीला टाकण्यापूर्वी अण्णांकडे विचारायला येणाऱ्यांना ते ती आधी हातात देतात.