एडिफायर आर १२८० डीबी : दहा बाय बाराच्या खोलीत गाणं ऐकण्यासाठी

दहा-बारा हजारांत घरी गाणं नीट ऐकायचं असेल तर साउंडबार घेऊ नका. त्याच पैशात, आतच अॅम्प्लिफायर असलेल्या सुट्या स्पीकरची जोडी मिळते. साउंडबारमध्ये डावा आणि उजवा आवाज हात-दीड हात अंतरावरून येतात. सोबतचा सबवूफर, म्हणजे फक्त जाड आवाज काढणारा डबा, कोपऱ्यात ठेवला जातो, म्हणून गायक समोर आणि डग्गा सोफ्यामागे, असं होतं. सिनेमाला ते चालून जातं, ख्यालाला किंवा नाट्यगीताला नाही.

या किमतीच्या जोड्यांमध्ये एडिफायर कंपनीची आर १२८० डीबी ही सर्वांत निर्धोक निवड. ताकद ४२ वॉट आरएमएस (सतत टिकणारी ताकद), म्हणजे प्रत्येकी २१. शेजारच्या खोक्यावर हजारो वॉट 'पीएमपीओ' छापलेले दिसले तरी तिकडे लक्ष देऊ नका. तो आकडा क्षणभराच्या उसळीचा हिशोब असतो. आरएमएस लिहिलेलं नसेल तर ती वस्तू खाली ठेवा. या जोडीत प्रत्येक पेटीत जाड आवाजाचा चार इंची वूफर आणि बारीक आवाजाचा १३ मिलिमीटरचा रेशमी घुमटाचा ट्वीटर आहे. पेटी लाकडी भुशाच्या दाबीव फळीची आहे, प्लास्टिकची नाही, त्यामुळे आवाज पोकळ होत नाही. हवेचं भोक पुढच्या बाजूला आहे. भिंतीला जवळ ठेवावे लागणाऱ्या घरांत याचा मोठा फायदा होतो.

जोडणी सोपी आहे, पण चुका ठरलेल्या. उजव्या पेटीतच अॅम्प्लिफायर आहे, म्हणून विजेचा पॉइंट उजवीकडे हवा. आवाज, बेस (जाड आवाज) आणि ट्रेबल (बारीक आवाज) यांची बटणं त्याच पेटीच्या कुशीवर आहेत. कपाटाच्या खणात पेटी घट्ट बसवली तर बोटं पोचत नाहीत. बाजूला चार इंच मोकळे सोडा. दोन पेट्यांमध्ये साधी दोन पदरी तार जाते. लांब तार लागली तर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. तार लावताना लाल लालला, काळी काळ्याला. एका टोकाला उलटी लागली तर काही जळत नाही, पण एका पेटीतला वूफरचा हलता पडदा पुढे येताना दुसऱ्या पेटीतला मागे जातो. मग बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज मधे न बसता खोलीभर पसरतो. 'स्पीकर पातळ वाजतो' या तक्रारीत आधी हीच तार तपासावी.

टीव्हीसाठी ऑप्टिकल वायर वापरा. दोन्ही टोकांची प्लास्टिकची टोपणं काढायची राहून जातात, ती आधी काढा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. पीसीएम म्हणजे साधा डिजिटल आवाज. डॉल्बी पद्धतीने बांधलेला आवाज हा स्पीकर उलगडत नाही, त्यामुळे टीव्हीचं सेटिंग डॉल्बीवर तसंच राहिलं तर आवाजच येत नाही किंवा खरखर येते. टीव्हीला ब्लूटूथ लावलंत तर ओठ आणि शब्द मागेपुढे होऊ शकतात. ब्लूटूथ मोबाइलवरच्या गाण्यांसाठी ठेवा, आणि तेव्हा मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून कमी-जास्त स्पीकरवर करा. उलट केलंत तर स्पीकरची स्वतःची सूं-सूं वर येते.

लॅपटॉप आरसीए (लाल-पांढऱ्या टोकांच्या) वायरने जोडल्यावर 'हूं' असा आवाज येत असेल तर चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष स्पीकरचा नाही. बहुधा अर्थिंगच्या दोन वाटा जुळून फेरा तयार झालेला असतो. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावा. तरी राहिला तर ब्लूटूथवर जा. सेट टॉप बॉक्सच्या बाबतीत ऑप्टिकलने हा फेरा तुटतो, कारण त्या वायरीतून वीज जात नाही, प्रकाश जातो.

खरा फरक जागेने पडतो. दोन पेट्यांमध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवा आणि तितक्याच अंतरावर बसा. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. खाली सतरंजीवर बसून ऐकणाऱ्यांचा कान साधारण अडीच फुटांवर येतो, सोफ्यावर तीन फुटांच्या पुढे. टीव्हीच्या बुटक्या स्टँडवर पेट्या ठेवायच्या तर पुढच्या कडेखाली रबराचे तुकडे सारून त्यांचं तोंड किंचित वर करा. मागच्या भिंतीपासून निदान अर्धा फूट जागा सोडा, कोपरा तर टाळाच: कोपऱ्यात डग्ग्याचा घुमारा फुगतो आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) कळेनाशी होते. टाइल्सच्या उघड्या खोलीत टाळी वाजवून पाहा. झणझण ऐकू आली तर स्पीकर आणि बैठक यांच्या मधे गोधडी किंवा जाड सतरंजी अंथरा. याने होणारा फरक कुठल्याही महागड्या वायरीने होणार नाही.

या जोडीचा आवाज गळ्याला फार चांगला न्याय देतो. काळी एक पट्टीतल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे चार इंची पडद्याची ताकद संपत येते, पण जवारीतून (तानपुऱ्याच्या तारांच्या गुंजनातून) निघणारे वरचे स्वर स्वच्छ येतात, आणि कान खर्ज त्यांवरून भरून घेतो. बेसचं बटण पूर्ण फिरवून हे वाढवू नका. मोठ्या आवाजात पडदा फडफडतो आणि त्याबरोबर गळाही गढूळ होतो. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या नाट्यगीतांसाठी ट्रेबल थोडा खाली घ्या, म्हणजे खरखर मागे जाते. फार खाली नेलात तर शब्दांतले 'स' आणि 'श' बोथट होतात.

मर्यादाही आहेत. अडीचशे-तीनशे चौरस फुटांच्या हॉलला ही जोडी पुरणार नाही. सबवूफर जोडण्याची वेगळी सोय नाही. पुढे तो जोडायचा विचार असेल तर थोडे जास्त पैसे घालून 'डीबीएस' ही आवृत्ती घ्या. जुने मोठे स्पीकर स्वस्तात मिळाले म्हणून त्यांच्याकडे वळणार असाल तर पडद्याभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून पाहा. फोमची कड दमट हवेत भुगा होते, रबराची जास्त टिकते.

पेटी घरी आली की परत करण्याची मुदत संपायच्या आत एक चाचणी घ्या. मोनोत, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज येईल असं, ध्वनिमुद्रित झालेलं एखादं जुनं गाणं लावा आणि बरोबर मधे बसा. आवाज दोन पेट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून, एकाच ठिकाणाहून आला पाहिजे. एका बाजूला सरकत असेल तर आधी बसण्याची जागा आणि तारा तपासा. मग दोन्ही पेट्यांची जागा अदलून पाहा. आवाज पेटीबरोबर सरकला तर स्पीकर बदलून घ्या.