डेबियन १२ वर पायथन २.७: सोर्समधून बांधायचं की कंटेनरात ठेवायचं?

पायथन २ चा अधिकृत पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला आणि २०२३ च्या डेबियन १२ (लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम) मधून २.७ चं पॅकेजच काढलं गेलं. जुनी स्क्रिप्ट चालवायचीच असेल, तर दोन वाटा उरतात.

पहिली, २.७.१८ चा सोर्स (मूळ कोड) आणून कंपाइल करणं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम स्वतः बांधणं. इथे फसायला जागा भरपूर. 'लिबएसएसएल-डेव' (एसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी लागणारं पॅकेज) आधी टाकलं नसेल तरी बिल्ड बिनतक्रार पूर्ण होतं. फक्त शेवटी न बनलेल्या मॉड्यूलच्या यादीत एसएसएल दिसतं आणि ती यादी कोणी वाचत नाही. मग पिप (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) एकही पॅकेज उतरवू शकत नाही. 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा तर नकोच: त्याने 'युझर-लोकल'मध्ये 'पायथन' नावाची लिंक बनते आणि नुसत्या 'पायथन'ची वाट पाहणारी नवी स्क्रिप्टही २.७ वर जाऊन आपटते. त्याऐवजी ती लिंक न बनवणारं 'मेक ऑल्टइन्स्टॉल' वापरा. शिवाय सुरक्षेचे पॅच आता तुमच्याच गळ्यात.

दुसरी, कंटेनर (मुख्य सिस्टिमपासून वेगळा चालणारा बंदिस्त कप्पा) आणि त्यासाठी डेबियन ११ ची इमेज, म्हणजे तयार साचा. त्यात एपीटीने (डेबियनच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनाने) २.७ मिळतं, पण पिप मिळत नाही. तो वेगळा आणावा लागतो, २०.३.४ किंवा त्याआधीचा. डेटाची फोल्डर बाहेरून जोडा, नेटवर्क गरज नसेल तर बंद. तयार इमेज स्वतःच्या रजिस्ट्रीत (इमेज साठवायच्या जागी) जपा, कारण ११ चा एलटीएस (दीर्घकालीन पाठिंबा) ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे.

सर्व्हरवर कंटेनरच बरा. कंपाइल करायचं ते फक्त थेट हार्डवेअरशी बोलणाऱ्या, कंटेनरात न रमणाऱ्या कोडसाठी.