एकच जर्सी करून देणारं मंगळवार पेठेतलं दुकान आणि यंदाची माझी ट्रे जॉन्सनची जर्सी

कोल्हापुरात जर्सी करून देणारी दुकानं ढिगानं आहेत, पेठापेठांच्या फुटबॉलमुळं तो धंदाच इथं मोठा आहे, पण एकच पीस पाहिजे म्हटलं की निम्मे जण काउंटरवरनंच परत पाठवतात, किमान अकरा तरी घ्या म्हणून. त्यात बास्केटबॉलची, त्यात अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या वॉशिंग्टन विझार्ड्सची, आणि पाठीवर नाव देवनागरीत पाहिजे म्हटल्यावर तर विचारूच नका. मंगळवार पेठेतल्या एका बोळातलं हे दुकान मला २०२३ ला सापडलं, परवा तिसरी जर्सी तिथनंच केली म्हणून सविस्तर लिहालोय. दुकानाचं नाव टाकत नाही कारण मालक अण्णांनीच नको म्हणून सांगितलंय, सुट्या ऑर्डरी घेऊन घेऊन त्यांच्या शिलाईवाल्या ताईंना रात्री नऊ वाजतात. ज्याला खरंच पाहिजे त्यानं पेठेत कुठल्याही फुटबॉलवाल्याला विचारा, तो बोट दाखवंल.

दरवर्षी जर्सी कशाला लागते ते आधी सांगतो. मी अकरावीला जायच्या सुट्टीत होतो, १३ मे २०१७ ची सकाळ, मोबाइलवर विझार्ड्सची प्लेऑफमधली बोस्टनविरुद्धची सहावी मॅच चाललेली आणि शेवटचे साडेतीन सेकंद राहिलेले असताना आपल्या जॉन वॉलनं थ्री, म्हणजे लांबनं तीन पॉइंटचा शॉट, मारला, ९२-९१, आणि गडी स्कोअररच्या टेबलावर चढून उभा राहिला. मी घरात एकटाच ओरडलो तर आई स्वयंपाकघरातनं पळत आली. तेव्हापासनं ही टीम माझी. त्या टीमचा कणा ड्राफ्टमधनं, म्हणजे दरवर्षी टीमा पाळीपाळीनं नवीन पोरं निवडतात त्यातनं, उभा राहिलेला होता, वॉल २०१० चा पहिला पिक (पहिली निवड), ब्रॅडली बील २०१२ चा तिसरा, ऑटो पोर्टर २०१३ चा तिसरा. पुढं एकेक करून सगळे गेले, बील पण २०२३ ला फिनिक्सला गेला, आणि मागं काय उरलं तर २०२३-२४ ला १५ विजय ६७ पराभव, फ्रँचायझीच्या इतिहासातला सगळ्यात वाईट सीझन, त्याच्या पुढच्या वर्षी १८ आणि ६४. एकमेव टायटल १९७८ चं, तेव्हा टीमचं नाव बुलेट्स होतं. सीझनला ५० मॅच जिंकून सुद्धा १९७८-७९ नंतर जमलेलं नाही. मग अशा टीमच्या माणसाला वर्षातला मोठा दिवस कुठला, तर ड्राफ्टचा. त्या दिवशी जे पोरगं आपलं होतं त्याच्या नावाची जर्सी करायची, असं मी २०२३ ला ठरवलं आणि बिलाल कुलिबालीपासनं सुरुवात केली.

आता दुकानाबद्दल. पहिल्यांदा गेलो तेव्हा अण्णांनी बास्केटबॉलची जर्सी कधी केलेली नव्हती, त्यांच्याकडं सगळे पॅटर्न फुटबॉलच्या हाफ बाहीचे. बाही काढून टाकली की झालं असं त्यांना वाटलं, आणि पहिला पीस आला तो मुंढ्यात इतका घट्ट की हात वर केला की अख्खी जर्सी वर यायची. मी नुसतं एवढंच म्हटलं की अण्णा, ह्यात शॉट मारता येत नाही. दुसरा माणूस असता तर म्हणाला असता आता झालं ते झालं, पण त्यांनी माझी जुनी सँडो मागून घेतली, त्यावरनं ताईंनी कागदावर नवीन पॅटर्न काढला, मुंढा दीड इंच खाली घेतला, गळ्याला वेगळी पट्टी लावली आणि अख्खी जर्सी नव्यानं शिवली, वरचा एक रुपया घेतला नाही. तो कागद अजून त्यांच्या भिंतीला खिळ्याला अडकवलाय आणि आता शाळांच्या बास्केटबॉल टीमच्या जर्स्या त्यावरच होतात असं ताई सांगत होत्या, ते ऐकून मला लय भारी वाटलं.

कापड डॉट निट वापरतात, हलकं आहे, घाम आला तरी अंगाला चिकटत नाही. प्रिंट सब्लिमेशनची. म्हणजे डिझाइन आधी कागदावर छापतात आणि कागद कापडावर ठेवून हीट प्रेसमध्ये दाबतात, दोनशे डिग्रीच्या आसपास, शाईची वाफ होऊन ती धाग्यातच जाऊन बसते, त्यामुळं कितीही धुवा, प्रिंट सुटत नाही की तडकत नाही. फक्त हे पॉलिस्टरवरच होतं, आणि सब्लिमेशनला पांढरी शाई नसते, म्हणून पांढऱ्या कापडावर बाकीचा लाल रंग छापून नावाची अक्षरं तेवढी कोरी सोडावी लागतात. हे मला अण्णांच्या पोरानं शिकवलं, तो कॉम्प्युटरवर कोरलमध्ये डिझाइन करतो. कुलिबालीच्या वेळी हे माहीत नव्हतं म्हणून मी घाई करून तयार लाल कापडावर विनाइल, म्हणजे पातळ प्लास्टिकची शीट, चिकटवून घेतलं, त्याच्या शून्य नंबरची कड वर्षभरात सुटली. ती नंतर त्यांनी परत दाबून दिली, पण ज्याला टिकाऊ पाहिजे त्यानं चार दिवस थांबावं आणि सब्लिमेशनच करावं.

देवनागरी नावाबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, कारण इथंच बाकीची दुकानं मार खातात. इंग्रजी अक्षरं लांब लांब ठेवली तर छान दिसतात, पण आपल्या अक्षरांत तसं केलं की शिरोरेखा तुटते आणि नाव असं दिसतं जणू कुणी करवतीनं कापलंय. अण्णांच्या पोरानं २०२४ ला अ‍ॅलेक्स सारच्या जर्सीला नुसता 'सार' हा शब्द तीन वेळा काढला. पहिल्यात रेघ तुटलेली, दुसऱ्यात 'सा' चा काना लय बारीक, तिसऱ्यात त्यानं रेघ वेगळी काढून अक्षरांवरनं सलग ओढली, आणि खाली २०. ती जर्सी घालून मी ८ डिसेंबर २०२४ च्या रविवारी पहाटे साडेपाचला बसलो होतो, टीम सलग १६ मॅच हरलेली, समोर डेन्व्हर, निकोला योकिचनं एकट्यानं ५६ पॉइंट काढले आणि तरी आपण जिंकलो. त्या दिवसापासनं ती जर्सी धुताना मी स्वतः हातानं धुतोय. सार पहिल्याच वर्षी ऑल-रुकी, म्हणजे नवख्यांतल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंच्या, फर्स्ट टीममध्ये आला आणि त्याच्याच बरोबरीचा आपला बब कॅरिंग्टन सेकंड टीममध्ये, म्हणजे पोरं चुकीची निवडलेली नाहीत, हे मी हरलेल्या ६४ मॅच बघून सांगतोय.

बबचं नाव निघालं म्हणून सांगतो, यंदाच्या ड्राफ्टची खरी गोष्ट तिथनंच सुरू होते. १३ एप्रिल २०२५ ला सीझनची शेवटची मॅच मायामीत, आणि बबनं अगदी शेवटच्या क्षणी शॉट मारून ती जिंकून दिली. ती हरलो असतो तर आपलं आणि युटाचं रेकॉर्ड सारखं, १७-६५, झालं असतं. जिंकल्यामुळं आपण खालनं दुसरे झालो. ड्राफ्टमध्ये कुणी आधी निवडायचं ते हरलेल्या टीमांत लॉटरीनं ठरतं. त्या वर्षीच्या लॉटरीत १४ चेंडू होते, त्यातले चार काढायचे, १००१ जोड्या व्हायच्या आणि तळाच्या तिन्ही टीमना पहिल्या पिकची संधी सारखीच, १४ टक्के, पण सगळ्यात तळाची टीम पाचव्याच्या खाली घसरत नव्हती, दुसरी मात्र सहाव्यापर्यंत जाऊ शकत होती. १३ मे ला सकाळी कळलं, आपण सहावे. पहिला पिक कुणाला, तर डॅलसला, ज्यांची संधी १.८ टक्के होती, आणि त्यांना त्या ड्राफ्टमधलं सगळ्यात गाजलेलं पोरगं कूपर फ्लॅग मिळणार हे सगळ्या जगाला माहीत. त्या दिवशी मी ऑफिसला गेलो पण डबा उघडला नाही. मित्र म्हणाला बबनं तो शॉट चुकवायला पाहिजे होता. मला ते पटत नाही. १९ वर्षांचं पोरगं, सीझनभर ८२ च्या ८२ मॅच खेळलेलं, शेवटच्या सेकंदाला हातात बॉल आल्यावर त्यानं चुकवायला शिकावं असं मला वाटत नाही, जी टीम हरायला शिकली तिला पुढं फ्लॅग मिळाला तरी काय उपयोग.

ड्राफ्ट ब्रुकलिनमध्ये २५ जूनच्या रात्री, म्हणजे आपल्याकडं २६ जूनची पहाट, आणि २६ जून म्हणजे आपल्या कोल्हापुरात शाहू जयंती. बाहेर पाऊस, गल्लीत मंडळाची पोरं पहाटेपासनं जागी, आणि मी मोबाइल घेऊन बसलेला. माझा डोळा एस बेली ह्या पोरावर होता, खोटं कशाला बोलू, पण पाचव्याला युटानं त्याला उचललं आणि सहाव्याला लीगचा कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हरनं ट्रे जॉन्सनचं नाव पुकारलं. पाच मिनिटं मी गप्प बसलो, मग विचार केला की आपल्याला नेमकं कमी काय आहे. थ्री मारण्यात आपण त्या सीझनला लीगमधल्या शेवटच्या टीमांत मोडत होतो, आणि हे पोरगं टेक्सस युनिव्हर्सिटीकडनं मॅचला १९.९ पॉइंट काढून आलंय, थ्री ४० टक्क्यांच्या आसपास. सार आत उभा, कुलिबाली समोरच्याला धरून ठेवणारा, बब बॉल घेऊन येणारा, आणि कोपऱ्यात असा माणूस की ज्याला सोडून मदतीला जायची कुणाची हिंमत होणार नाही. मला ते चित्र दिसायला लागलं. १८ वा पिक युटाला देऊन २१ व्याला विल रायली घेतला, उंच आणि बॉल हाताळणारा, शरीर अजून भरायचंय. वर ४३ वा पिक पण मिळाला. असे दुसऱ्या राउंडचे पिक कुणी मोजत नाही, पण योकिच ४१ वा होता.

अकराच्या सुमाराला दुकानात पोचलो. रस्त्यावर मिरवणुकीची गर्दी, दुकानात शाळांच्या ट्रॅक सूटचे गठ्ठे छताला लागलेले, जूनमध्ये त्यांची तीच धावपळ असते. मला वाटलं आज परत पाठवतील. अण्णांनी वर बघितलं आणि म्हणाले, "आलास व्हय, यंदा कोण गावलं?" तीन वर्षांत त्यांनी एकही मॅच बघितलेली नाही, पण तारीख त्यांच्या ध्यानात होती. मी मोबाइलवर ट्रेचे शॉट दाखवले. अण्णा तरुणपणी तालमीत होते, त्यांनी शॉट बघितलेच नाहीत, पोराचे खांदे आणि पाय बघितले. म्हणाले, "वय किती?" म्हटलं एकोणीस. "मग अजून कोवळं हाय. खुराक घाला, मेहनत करून घ्या, दोन-तीन वर्सं मोठ्या जोडीत सोडू नका." मी म्हटलं अण्णा, तिथं पहिल्या दिवसापासनं मोठ्या जोडीतच सोडतात. तर म्हणाले, "मग वस्ताद तरी चांगला पायजे, हारला तरी पोराला शिव्या न घालणारा." मी त्यांना ओक्लाहोमा सिटीच्या टीमचं सांगितलं, की २०२१-२२ ला ती टीम २४ मॅच जिंकलेली आणि परवा २३ जूनला सकाळी चॅम्पियन झाली, ड्राफ्टमधल्या पोरांना सांभाळून, आणि आमचा जनरल मॅनेजर विल डॉकिन्स तिथनंच तयार होऊन आलाय. अण्णा म्हणाले, मग थांब की. खासबाग मैदान बांधणाऱ्या महाराजांच्या जयंतीला हे ऐकायला मिळालं याचं मला फार बरं वाटलं.

व्यवहाराचं सांगायचं तर एका पीसला ६५० घेतले, मागच्या वर्षी ६०० होते. चार दिवस सांगितलेले, सहा लागले, पण फोन करून आधी कळवलं. साइज घेताना छातीबरोबर उंची पण सांगा, नाहीतर जर्सी आखूड येते. लोगो मी कधीच टाकून घेत नाही, लाल, निळा, पांढरा आणि पोराचं नाव, पुरे. तक्रार एकच, दुकानात उभं राहायला जागा नाही, पावसात तर बाहेरच्या पत्र्याखाली थांबावं लागतं. आणि दुपारी दोन ते चार बंद असतं.

'ट्रे जॉन्सन' मात्र ह्या वेळी पोरानं पहिल्याच फटक्यात बरोबर काढलं. 'न्स' चं जोडाक्षर, 'जॉ' वरचा चंद्र, सगळं ठसठशीत, रेघ सलग. अडलं ते नंबरावर. टेक्ससला तो २० घालायचा, पण आपल्याकडं २० सारचा आहे, आणि त्या सकाळी तरी नवीन नंबर जाहीर झालेला नव्हता. पोरगा म्हणाला अंदाजानं टाकूया का. अण्णांनीच त्याला थांबवलं, म्हणाले दुसऱ्याच्या पोराचा नंबर आपण ठरवायचा नाही. मग नावाखाली नऊ इंच जागा मोकळी सोडली. लाल छापून झाल्यावर पांढरा नंबर सब्लिमेशननं येत नाही, म्हणून तो विनाइलचा लागणार, त्याची कड ह्या वेळी दोनदा दाबून देतो म्हणालेत, त्याचे पैसे आधीच ६५० मध्ये धरलेत. जर्सी कपाटात हँगरला लावलीय, पाठ बाहेरच्या बाजूला. नंबर कळला की त्याच दिवशी घेऊन जाणार आहे.