ऑनलाइन लेखनगटाचा रिव्ह्यू: आठ महिने, चार कथा आणि एक चष्मा

गटाचं नाव लिहिणार नाहीये, आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि गट चालवणारी माणसं फुकटात राबतात, त्यांना नावानिशी टोचायची इच्छा नाही. पण असे गट सगळे साधारण एकाच साच्यातले असतात, त्यामुळे जॉइन व्हायचा विचार करत असाल तर वाचा.

सिस्टीम साधी आहे. दुसऱ्यांच्या तीन कथांवर अभिप्राय द्यायचे, प्रत्येकी कमीत कमी दोनशे शब्द, मग तुमची एक कथा टाकता येते. कथा गूगल डॉक्समध्ये आठवडाभर राहते, लोक समासात कमेंट टाकतात, आणि त्या आठवड्यात लेखकाने एक अक्षर बोलायचं नाही. थँक्यू पण नाही! हे नियम काही यांनी शोधलेले नाहीत. आधी द्या मग घ्या हा प्रकार क्रिटर्स नावाचा इंग्रजी गट 1995 पासून ईमेलवर चालवतोय, आणि लेखकाला गप्प बसवायची पद्धत तर त्याहून जुनी, 1956 मध्ये अमेरिकेत मिलफर्डला डेमन नाइट वगैरे सायन्स फिक्शनवाले लेखक गोल करून बसायचे, एकेकाने बोलायचं आणि ज्याची कथा त्याने सगळ्यांचं होईपर्यंत ऐकायचं. पुढे 1968 ला क्लॅरियनची लेखन कार्यशाळा सुरू झाली तिनेही तेच उचललं. मला हा नियम पहिल्या दिवशी अपमानास्पद वाटला होता. का, ते सांगते.

माझी पहिली कथा एका म्हाताऱ्याची होती, बायको गेल्यावर तो तिचं कपाट आवरायला घेतो, बस्स एवढंच. बाराशे शब्द. मला वाटत होतं जबरदस्त झालीये. सात जणांनी वाचली. दोघांचं "ताई, अप्रतिम, डोळ्यांत पाणी आलं, लिहीत राहा" (दोनशे शब्द भरायला हेच तीनदा फिरवून). एका सरांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका काढल्या आणि कथेबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे आजोबा कपाट आवरतायत की विमान उडवतायत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एक दादा म्हणे कपाटात एक जुनं पत्र सापडलं तर सस्पेन्स वाढेल, आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत, पत्र लिहूनही दिलं. बाकीचे असेच, पासिंग मार्कांपुरते.

आणि एका मुलीने चौथ्या परिच्छेदाशेजारी एवढंच लिहिलं होतं: "इथे 'तिचा चष्मा खिडकीत होता' असं आलं तेव्हा मला वाटलं ती आतल्या खोलीत आहे. ती गेलीये हे सातव्या परिच्छेदात कळलं, मग मागे जाऊन परत वाचलं. हे मुद्दाम केलंय का?"

मुद्दाम नव्हतं केलं हो. बाई गेलीये हे मला पहिल्या ओळीपासून माहीत होतं म्हणून मी ते लिहिलंच नव्हतं! पण त्या रात्री हे असं कबूल कोण करतंय, मी फोनच्या नोट्समध्ये तिला लांबलचक उत्तर लिहिलं, की वाचकाला थोडं अंधारात ठेवणं हीच तर कथेची गंमत आहे, की लक्ष देऊन वाचलं असतं तर कळलं असतं वगैरे. पोस्ट करता येत नव्हतं म्हणून ते तिथेच पडून राहिलं. सहाव्या दिवशी उघडून वाचलं आणि लाज वाटली. सातव्या परिच्छेदातलं एक वाक्य उचलून दुसऱ्यात नेलं, बाकी कशाला हात लावला नाही, आणि कथा उभी राहिली. गप्प बसायच्या नियमाला माझ्याकडून पाच स्टार.

नीट बघा तिने काय केलं ते. चांगलं वाईट म्हणाली नाही, उपाय सुचवला नाही, कुठे अडखळली आणि अडखळल्यावर काय केलं तेवढं सांगितलं. वाचक अडखळला ही बातमी नव्वद टक्के वेळा खरी असते, उपाय मात्र बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या कथेचा असतो (पत्रवाले दादा!). म्हणून आता मी उपाय वाचते आणि सोडून देते, पण ते कुठल्या ओळीला सुचले ती ओळ मार्क करून ठेवते, दोघातिघांचं बोट एकाच ओळीवर पडलं की समजायचं तिथे खड्डा आहे.

आता माझी बाजू, कारण हा रिव्ह्यू नुसता दुसऱ्यांचा नाही. दुसऱ्याच महिन्यात एका नवीन सदस्याच्या कथेवर मी लिहिलं, "संवाद कृत्रिम वाटतात, यावर काम करायला हवं." स्पष्टवक्तेपणाचा फार अभिमान वाटला होता मला. अॅडमिनचा मेसेज आला, कुठले संवाद ते दाखवाल का? म्हटलं हो, त्यात काय, आणि दाखवायला गेले तर अख्ख्या कथेत मला एक ओळ सापडली, दहा वर्षांचा मुलगा आईला म्हणतो "मला याची तीव्र जाणीव आहे". एक! बाकीचे संवाद चांगले होते, आई आणि मुलगा चपलांवरून भांडतात ते तर माझ्यापेक्षा बरं लिहिलं होतं. त्या एका ओळीचा ठसका लागला आणि मी सगळ्या कथेवर शिक्का मारून मोकळी झाले. दुरुस्ती टाकली लगेच, पण त्या व्यक्तीने पुढे काही टाकलेलं मी पाहिलं नाही. कारण दुसरं काही असेलही.

1996 मध्ये क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी फीडबॅकवरचे खूप सारे जुने प्रयोग एकत्र तपासले होते, सरासरी फायदा दिसला पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर लोकांचं काम उलट बिघडलेलं निघालं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून माणसाच्या स्वतःवर गेलं की फायदा आटतो. ते प्रयोग काही कथालेखनाचे नव्हते, पण मला तो चपलांचा संवाद आठवला. "तुम्हाला संवाद जमत नाहीत" हे ऐकून माणूस घरी जातो, "या ओळीला मुलगा एकदम चाळीस वर्षांचा झाला" हे ऐकून ओळ खोडतो.

गटातली मला सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे कथेच्या वर लेखकाने दोन प्रश्न लिहायचे. नृत्यदिग्दर्शक लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास अभिप्रायाची एक पद्धत बसवली, तिच्यात आधी वाचकाला काय भिडलं ते, मग लेखकाचे प्रश्न, मग वाचकाचे प्रश्न, आणि मत शेवटी, तेही विचारून. गटाने त्यातला प्रश्नांचा भाग घेतलाय, बाकीचं सोडलंय, चालतंय. फक्त प्रश्न नीट विचारायला शिकावं लागतं. माझा पहिला प्रश्न होता "कशी वाटली?" आणि त्याला उत्तर "छान" हेच येणार, दुसरं काय. नंतर "म्हातारा रडत नाही हे खटकलं का, खटकलं तर कुठल्या पानावर?" असं विचारलं आणि एकदम कामाची उत्तरं आली, त्याच लोकांकडून.

तक्रारी. दोनशे शब्दांच्या अटीमुळे निम्मे लोक तुमचीच कथा तुम्हाला परत सांगतात, अहो माहितीये, मीच लिहिलीये. फॉर्ममध्ये आधी कौतुक मग टीका मग परत कौतुक असा क्रम सक्तीचा आहे, त्यामुळे वरचं आणि खालचं कुणी मनापासून लिहीत नाही आणि कुणी वाचतही नाही. काही जोड्या ठरलेल्या आहेत, तू माझी पाठ थोपट मी तुझी. कवितांचं काय करायचं ते कुणालाच कळलेलं नाही, तिथे सगळंच "व्वा".

आणि हल्ली एक नवीन डोकेदुखी, लोक कथा एआयला देऊन आलेला अभिप्राय तसाच चिकटवतात. माझ्या चौथ्या कथेवर असा एक आला, "मानवी नात्यांचा हळुवार पट उलगडणारी", आणि पुढे मुलीच्या व्यक्तिरेखेचं भरभरून कौतुक. माझ्या कथेत मुलगी नाहीये. कुठेच नाहीये. अॅडमिनना कळवलं, त्यांनी त्या अभिप्रायाचे पॉइंट (कथा टाकायला लागतात ते) काढून घेतले, पण असं प्रत्येक वेळी कोण पकडत बसणार.

शुद्धलेखनवाल्या सरांबद्दल मात्र मत बदललं. तिसऱ्या कथेच्या वेळी मी वर प्रश्नात लिहिलं की हा पहिला ड्राफ्ट आहे, मुद्रितशोधन नको, आणि सरांनी खरंच एकही वेलांटी धरली नाही, उलट लिहिलं की मधला भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो. बरोबर होतं. म्हणजे आधीच्या वेळी कुणी त्यांना काही सांगितलंच नव्हतं, आणि आपल्याला येतं ते माणूस देतो.

कुणी जॉइन व्हावं? ज्यांना नुसतं वाचक हवेत त्यांनी नको, निराश व्हाल. ज्यांचा अगदी पहिलाच ड्राफ्ट अजून ओला आहे त्यांनीही थोडं थांबा. पण तीन-चारदा स्वतःच दुरुस्त करून जिथे हात टेकलेत अशी कथा असेल तर जरूर. आणि खरं सांगू का, घेतलेल्यापेक्षा दिलेल्या अभिप्रायांनी मला जास्त शिकवलं, दुसऱ्याच्या कथेत "इथे कंटाळा आला" असं लिहिताना तोच कंटाळा आपल्या तिसऱ्या पानावर बसलेला दिसतो. आठ महिन्यांत मी चाळीसेक लिहिले असतील, लागत होते फक्त पंधरा.

पाचपैकी साडेतीन. अर्धा त्या सक्तीच्या कौतुकाचा कापलाय, एक स्टार त्या पॉइंटांच्या सिस्टीमचा.

सध्या पाचवी कथा टाकलीये, आज तिसरा दिवस. एकाने लिहिलंय शेवट कळला नाही. नोट्समध्ये उत्तर तयार आहे, दीड पान झालंय, आणि अजून चार दिवस गप्प बसायचंय.