झेरॉक्स मशीन चालूच होत नाही: इलेक्ट्रिशियन, तालुक्याचा मेकॅनिक, कंपनीचा इंजिनीअर की नवी मशीन?

जूनमध्ये शाळेचे प्रवेश आणि पीक कर्जाची कागदं एकदमच सुरू होतात. ग्रामपंचायतीतल्या किंवा सेतू केंद्रातल्या मशीनला तेव्हा दिवसभर उसंत नसते, आणि वादळ-विजांचे दिवसही तेच. रात्री गडगडाट झाला, सकाळी बटण दाबलं तर मशीन ढिम्म. मग जो तो आपल्या परीने सल्ला देतो: कोणी कंपनीला फोन लावायला सांगतो, कोणी नवीच घ्या म्हणतो. कोणाला बोलवायचं ते मशीन कशी बंद आहे यावर ठरवा. एवढं पाहिलं तर निम्म्या वेळा पैसे आणि आठवडा दोन्ही वाचतात.

पंखा फिरतोय, एखादा दिवा लागतोय, पण स्क्रीन काळी आहे, तर वीज आत पोचली आहे; बिघाड पॅनेलमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा मुख्य बोर्डात आहे. बटण दाबताच एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पडतो, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. एमसीबी पुन्हापुन्हा वर करू नका. आणि ना दिवा, ना आवाज, म्हणजे मशीन पूर्ण मेलेली असेल, तर वीज पोचतच नाही किंवा पॉवर सप्लायचं कार्ड (आलेली वीज मशीनला पुरवणारी सर्किटची पाटी) गेलं आहे. पण मशीन मेली असं ठरवण्याआधी दुसरं बटण पाहून घ्या. बऱ्याच मोठ्या मशीनना पॅनेलवरच्या बटणाशिवाय वेगळा मुख्य स्विच असतो, बाजूला किंवा पुढच्या झाकणाच्या आत. झाडझूड करताना तो बंद झालेला असू शकतो.

पूर्ण मेलेल्या मशीनसाठी मी आधी गावातल्या इलेक्ट्रिशियनलाच बोलवेन. तालुक्याचे जुने मेकॅनिकही फोनवर हेच सांगतात: "भाऊ, पयले लाईन पाहा." मात्र इलेक्ट्रिशियनकडे व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर हवा. टेस्टरचा दिवा फक्त फेज दाखवतो; न्यूट्रल तुटलेला असला तरी तो लागतोच. सॉकेटवर २३० व्होल्टच्या आसपास दिसले तरी तेवढ्यावर थांबू नका. त्याच सॉकेटवर इस्त्री लावा आणि तेव्हा व्होल्टेज मोजा. ते एकदम १५०-१६० वर बसलं, तर दोष वायरिंगमध्ये किंवा ढिल्या जोडणीत आहे. फ्यूजर (कागदावर शाई पक्की बसवणारा गरम रोलर) तापवताना मशीन मोठा करंट ओढते, म्हणून तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि जाड वायर लागते. कॉम्प्युटरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर ती चालवू नये. उलट मल्टीमीटरवर ३०० च्या वर आकडा दिसला तर सगळे प्लग काढा आणि महावितरणला कळवा. डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटला की एकेका घरात ४०० व्होल्टच्या जवळपास जाऊ शकतात. मशीनचं कार्ड जळायचं हे मोठं कारण आहे.

लाईन ठीक आणि मशीन वॉरंटीत किंवा एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) असेल, तर पुढे विचार करायचा नाही. कंपनीचाच इंजिनीअर येऊ द्या. बाहेरच्या माणसाने खोलली तर वॉरंटीचा हक्क अडचणीत येतो. वॉरंटी संपलेली असेल तेव्हा मात्र खरी तुलना सुरू होते, आणि इथे माझं मत बोर्ड दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या बाजूने आहे.

कंपनीचा इंजिनीअर सहसा कार्ड दुरुस्त करत नाही, अख्खं बदलतो. काम पक्कं होतं, पार्ट नवा असतो. पण पार्ट नागपूरहून मागवायचा, इंजिनीअरने नागपूर-अमरावतीहून यायचं, आणि तुम्ही धारणी किंवा एटापल्लीसारख्या दूरच्या तालुक्यात असाल तर तोवर अर्ज भरणारे लोक दुसरं गाव गाठतात. मेकॅनिक नुसतं कार्ड काढून नेतो. मशीन जागेवरच राहते, त्यामुळे शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरचाही (वस्तूंच्या नोंदवहीचाही) प्रश्न येत नाही.

चांगला मेकॅनिक कसा ओळखायचा? तो कार्ड काढलं की आधी वास घेतो, मग फ्यूज पाहतो. काचेच्या फ्यूजमध्ये तार नुसती तुटलेली असेल तर बिघाड तेवढा मोठा नसेल. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर फ्यूजच्या पुढच्या भागात जोरदार शॉर्ट झालेला आहे. फ्यूजजवळची व्हॅरिस्टरची गोल चकती बहुधा फुटलेली सापडते: जास्त व्होल्टेज तिने अंगावर घेतलेलं असतं. मोठ्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं आहे का, कार्डावर पाल चिकटून मेली आहे का, तेही तो पाहतो. दुरुस्तीनंतर कार्ड थेट लाईनवर न लावता तो सिरीज बोर्डावर लावतो, म्हणजे मध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला किंवा विझला, तर इनपुट बाजूचा शॉर्ट गेलेला आहे. तसाच लखलखत राहिला, तर शॉर्ट अजून आत आहे, पण नवा पार्ट जळत नाही. जो माणूस हे काही न करता नुसता फ्यूज बदलतो, आणि तो उडाल्यावर त्याहून मोठा टाकतो, त्याच्या हाती मशीन देऊ नका. आग लागू शकते.

हे काम स्वतः करून पाहू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज उरू शकतो.

वादळात मुख्य बोर्डही गेला असेल, तर हिशेब बदलतो. दुरुस्तीचा आकडा तशाच वापरलेल्या मशीनच्या निम्म्या किमतीपुढे गेला की मी दुसरी मशीन पाहायला सांगेन. सेकंड हँड इम्पोर्टेड घेताना मागचं लेबल वाचाच. अमेरिकेतून आलेली मशीन ११०-१२० व्होल्टची असते, तिला वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. घाईत कोणी थेट सॉकेटमध्ये लावली की ती गेलीच. जुनी मशीन बदलीत देत असाल, तर आत हार्ड डिस्क आहे का विचारा आणि ती काढून ठेवा. गावकऱ्यांचे आधार, सातबारे, बँक पासबुकं तिच्यावर असू शकतात. पंचायतीने तर खरेदीच्या ठरावातच हे लिहून घ्यावं.

राहिला स्टॅबिलायझर की यूपीएस हा प्रश्न. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर झेरॉक्स मशीन लावू नका, फ्यूजरचा भार त्याला झेपत नाही. मशीनच्या लेबलवरचे वॅट पाहून, मध्यम मशीन असेल तर साधारण ३ केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या, आणि हाय व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडणं) व टाइम डिले (वीज आल्यावर थोडं थांबून मशीनला देणं) हे दोन्ही त्यात आहेत का ते दुकानातच विचारा. कटऑफ नसलेला स्वस्त स्टॅबिलायझर न्यूट्रल तुटल्यावर मशीन वाचवू शकत नाही. आणि तो घेतला तरी विजेचा गडगडाट सुरू होताच प्लग काढावाच लागतो. जवळ पडलेल्या विजेपुढे स्टॅबिलायझरही टिकत नाही.